नॅसवर दुसरा व्हॉल्यूम होत नाही – मदत हवी आहे (अर्जंट)

फोंड्याचा_फ्लॅश:
लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्या पीसींना जोडलेला डिस्कचा डबा) दुसरा व्हॉल्यूम, म्हणजे जागेचा वेगळा कप्पा, करायला गेलो तर जागाच नाही म्हणतो. पाऊणहून जास्त रिकामा आहे! एडिटिंग, जुनी लग्नं आणि हिशेब वेगळे ठेवायचेत. रविवारी शिरोड्याला लग्न आहे, त्याच्या आत हवं. लवकर सांगा.

कुळागर:
कुठला नॅस? डिस्क किती, केवढ्या? रेड (डिस्क एकत्र जोडायची पद्धत) कुठलं? की अंतर्ज्ञानाने ओळखायचं?

फोंड्याचा_फ्लॅश:
सिनॉलॉजी, चार बे, ४ टीबीच्या चार डिस्क. रेड ५. दुकानवाल्याने लावून दिलाय. आणि १६ टीबीचे पैसे दिले, दिसतात १०.९. ते पण सांगा.

मांडवी_काठ:
रेड ५?? एक डिस्क गेली आणि रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत बनवणं) चालू असताना दुसरी गेली तर सगळी लग्नं मोडली म्हणून समजा. आधी रेड ६ करा, त्यात दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

कुळागर:
चार बेमध्ये रेड ६ केलं तर हातात ८ टीबीच उरतात. आणि बॅकअप नसेल तर ५ काय नि ६ काय.
फ्लॅश, एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या माहितीला) जाते, राहिले १२. डिस्क कंपनी हजाराच्या पटीत मोजते, नॅस १०२४ च्या, म्हणून १०.९. दुकानवाल्याने फसवलेलं नाही.
आता स्टोरेज मॅनेजर उघड. पूलमध्ये (सगळ्या डिस्कच्या एकत्र जागेत) शिल्लक किती? फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) कुठली?

फोंड्याचा_फ्लॅश:
शिल्लक शून्य, सगळं व्हॉल्यूम १ ला दिलंय. ईएक्सटी४. मग तो लहान करायचा ना? बटण सापडत नाही.

कुळागर:
नाहीच आहे. व्हॉल्यूम वाढवता येतो, लहान करता येत नाही. म्हणून सुरुवातीला लागेल तेवढाच द्यायचा, बाकी जागा पूलमध्ये मोकळी ठेवायची. बटरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असती तर तीन शेअर्ड फोल्डर करून प्रत्येकाला कोटा (जागेची मर्यादा) लावला असता, वर स्नॅपशॉटही (डेटा त्या वेळी होता तसा परत आणायची सोय) मिळाले असते. ईएक्सटी४ वर फोल्डरला कोटा नाही आणि स्नॅपशॉटही नाहीत.

बेतुल_बाय:
आयस्कझी लन करा (नॅसवरचा तुकडा पीसीला स्वतःच्या डिस्कसारखा दिसतो), थिन प्रोव्हिजनिंग (लागेल तशीच जागा घेतो). आमच्या ऑफिसात तसंच आहे, मस्त चालतं.

कुळागर:
बाय, साधा लन दोन एडिटरांच्या पीसीला एकदम जोडला तर फाइल सिस्टिमची वाट लागेल. तुमच्या ऑफिसात बहुतेक सर्व्हरला दिलेला असणार.

मांडवी_काठ:
एवढी कटकट कशाला? सगळं क्लाउडवर टाका.

फोंड्याचा_फ्लॅश:
अडीच टीबी आहे हो. अपलोड ५० एमबीपीएस.

कुळागर:
न थांबता साडेचार दिवसांच्या वर जातील. आणि पावसात फोंड्यात न थांबता काय चालतं ते तुला माहीतच आहे.
रविवारपर्यंत काही मोडू नको. आहे त्याच व्हॉल्यूमवर तीन शेअर्ड फोल्डर कर, हिशेबाच्या फोल्डरची परवानगी फक्त तुझ्या नावावर. लग्न झालं की सगळा डेटा दोन बाहेरच्या डिस्कवर घे. दोन सांगतोय, कारण व्हॉल्यूम पुसल्यावर तेवढ्याच प्रती उरतात. दोन्हींवरच्या चार-पाच मोठ्या क्लिप उघडून बघ, मगच व्हॉल्यूम काढून बटरएफएसवर नवा कर. यूपीएस आहे ना?

फोंड्याचा_फ्लॅश:
घरचा इन्व्हर्टर आहे.

सत्तरीचो_पावस:
इन्व्हर्टरवर माझा नॅस दोनदा धाडकन बंद पडला. यूएसबी केबलवाला यूपीएस घे. बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होतो. बाकी वीज खात्याबद्दल बोलायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

मांडवी_काठ:
काढाच. आमच्याकडे सकाळपासून तीनदा गेली.

फोंड्याचा_फ्लॅश:
धागा नंतर काढा रे. बाहेरची डिस्क ४ टीबीची पुरेल ना?