उधारीच्या जुन्या प्रोग्रामसाठी जुना डबा सांभाळायचा, की नव्या मशीनमध्ये व्हीएम (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) टाकायची?

काळीमाती (दारव्हा):
आमच्याकडं कृषी केंद्र घ्या, जिनिंग घ्या, अडत घ्या, कोपऱ्यात एक पिवळा पडलेला डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, चालूच असतो. आत ३२ बिटची विंडोज ७ आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला डॉसचा उधारी-खात्याचा प्रोग्राम. लिहिणारा कधीच गाव सोडून गेलाय. जीएसटीचं बिल २०१७ पासून दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून निघतं, खताचं पीओएस वेगळं. उधारी मात्र इथंच, कारण मुनीमजींची बोटं त्याच बटणांवर बसलीत. नवी मशीन ६४ बिटची, तिच्या विंडोजमध्ये असे डॉसचे १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. म्हणून डबा दुरुस्त करत बसतात.

माझं मत: डबा काढा आणि त्यातली विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) गेस्ट, म्हणजे आतली मशीन, म्हणून बसवा. डिस्क-टू-व्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन आहे, चालू मशीनच्या अख्ख्या डिस्कची एक फाइल करून देतं. फाइल व्हीएचडी प्रकारची ठेवली की व्हर्च्युअलबॉक्स ती सरळ उघडतो. निळा पडदा येऊन एररच्या शेवटी ७बी (डिस्क सापडत नाही) दिसलं तर डिस्कचा कंट्रोलर बदला. जुन्या मशीनमध्ये होता तोच हवा, बहुधा आयडीई. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का ते आधी बघा, पुष्कळ मशीनींत बंदच असतं. होस्टला, म्हणजे बाहेरच्या नव्या मशीनला, ८ जीबी रॅम असली तर गेस्टला २ जीबी भरपूर. आणि गेस्टचं नेटवर्क कार्ड बंद! विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. व्हीएम म्हणजे शेवटी फाइलच, रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घ्या नि घरी जा.

राजेहो:
भाऊ, कायले एवढा उपद्व्याप? डबा चालून रायला ना! जूनमध्ये पेरणीच्या टायमाले काउंटरवर उभं राहाले जागा नसते. मानूस म्हणते, माह्यं खातं पाहा. अन् तुमी आधी विंडोज ११ उघडा, मंग व्हर्च्युअलबॉक्स, मंग त्याच्यातली विंडोज. तवरिक तो समोरच्या दुकानात जाऊन बॅगा घेऊन जाते. अन् लाइन गेली त? एका झटक्यात दोन विंडोज आडव्या.

काळीमाती:
गेस्ट रोज बंद कोण करायला सांगतंय? सेव्ह स्टेट करायचं, सकाळी जिथं सोडलं तिथूनच सुरू. लाइनचं म्हणाल तर यूपीएस डब्यालाही लागतोच. आणि तुमच्या डब्याची हार्डडिस्क किती उन्हाळे खाऊन बसलीय? जिनिंगमध्ये तर पंख्यात कापसाची तूस जाऊन गादी होते. पॉवर सप्लाय जळाला की मिळतो, डिस्क गेली की खातं गेलं.

सहीशिक्का:
परवान्याबद्दल कोणीच बोलत नाही. डब्यासोबत आलेली ओईएम (कंपनीनं मशीनमध्येच टाकून दिलेली) विंडोज त्या मशीनपुरतीच असते. डिस्क व्हीएममध्ये टाकली की अ‍ॅक्टिव्हेशन मागणार, आणि ते मागणं बरोबरच आहे. रिटेल परवाना असेल तर गोष्ट वेगळी, पण तालुक्याच्या दुकानात रिटेल खोका पाहिलाय कोणी?

काळीमाती:
मान्य. परवाना नसेल तर गेस्टमध्ये फ्रीडॉस (डॉसचाच मोफत अवतार) टाका. पैसे नाहीत, परवान्याची भानगड नाही, फॉक्सप्रो चालतो.

डॉटमॅट्रिक्स:
चालतो, पण छापणार कुठून? व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अ‍ॅडिशन्स (गेस्ट-होस्ट जोडणारी जोड-साधनं) डॉससाठी नाहीतच. म्हणजे शेअर्ड फोल्डर नाही, यूएसबी प्रिंटर डॉसला ओळखू येत नाही. उधारीची पावती हातानं लिहिणार का?

विंडोज ७ मध्येसुद्धा सरळ नाही. प्रोग्राम एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टवर छापतो, प्रिंटर यूएसबीचा. मग प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ कमांडनं एलपीटी१ त्याच्याकडं वळवावा लागतो. तुम्ही नेटवर्क कार्डच बंद करायला सांगता. नेटवर्क नसलं की ही जोडणी रुसते. म्हणून बंद न करता होस्ट-ओन्ली (फक्त होस्टशी जोडलेलं) ठेवा. बाहेरचं नेट मिळत नाही, पण विंडोजला नेटवर्क आहे असं वाटत राहतं. मी व्हीएमच्या बाजूचाच आहे, फक्त पहिली पावती छापून निघेपर्यंत जुना डबा हलवू नका.

आणखी एक. डॉसचा प्रोग्राम रिकामा बसला तरी कीबोर्ड विचारत राहतो, त्यामुळं एक कोअर पूर्ण खातो. मुनीमजी चहा पीत असतात आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलतो. गेस्टला एकच सीपीयू द्या, वर एक्झिक्यूशन कॅप (सीपीयू वापराची मर्यादा) लावा.

बांधावरून:
तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय. प्रोग्राम वाचवायचाच कशाला? फॉक्सप्रोची डीबीएफ (डेटाची) फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडते. नावं, रकमा, तारखा बाहेर काढा आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. व्हीएम म्हणजे दुखणं पुढच्या हंगामावर ढकलणं.

काळीमाती:
रकमा उघडतात, हिशोब उघडत नाही. व्याज कुठल्या महिन्यापासून, कापसाचा चुकारा आला तेव्हा मुद्दल आधी कापलं की व्याज, हे प्रोग्रामच्या पोटात आहे. शेरे मेमो फील्डमध्ये (लांब मजकुराच्या रकान्यात) असतील तर ते वेगळ्या एफपीटी फाइलमध्ये असतात. नुसती डीबीएफ उचलली तर तेवढंच हातून जातं. वादाचं खातं असलं की समोरचा जुना उतारा मागतो, तेव्हा कॅल्कमधली शीट कोण मानणार? डेटा काढाच, मी नाही म्हणत नाही. पण जुना प्रोग्राम बघण्यापुरता तरी जिवंत हवा.

सहीशिक्का:
यावर बांधावरूनशी सहमत नाही, काळीमातीशी आहे. पण पेनड्राइव्हचं फसवं आहे. त्याचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल जातच नाही, एक्सएफएटी करून घ्या. कॉपी करताना गेस्ट पूर्ण बंद असावा. आणि स्नॅपशॉटला (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो, शिवाय जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर मधल्या सगळ्या उधारीच्या नोंदी पुसल्या जातात. अशानं कोणाचं तरी खातं फुकटात मिटेल.

राजेहो:
हे स्नॅपशॉट आमच्या गिऱ्हाइकाले सांगू नका 😄 सगळे मांगतीन.
बरं, पेरणी होऊ द्या, पोळा होऊ द्या, मंग एका मशीनवर करून पाहातो. पण मुनीमजीले एफ१० दाबल्याबरोबर खातं दिसलं पाह्यजे. नाही दिसलं त डबा परत काउंटरवर.