विषय: बाबांचं झेनिक्स लॉगिनपाशी अडतंय

मंडळी, नमस्कार.

सुट्टीला सांगलीत आलेय. गणपती पेठेतल्या आमच्या आडत पेढीच्या माडीवर बाबांचं ३८६ मशीन अजून आहे, एससीओ झेनिक्स या जुन्या युनिक्स प्रणालीवरचं. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, हे माडीवर म्हणून वाचलं. रोजच्या हळदीच्या सौद्यांचा हिशेब ते रात्री मोडेमवरून मुंबईच्या गाळ्यावरच्या मशीनला आपोआप पाठवायचं. बाबा आता नाहीत, फ्लॉपी ड्राइव्ह बंद आहे आणि त्यांच्या सगळ्या खतावण्या त्या डिस्कवर अडकल्यात.

घरचा फोन आता फायबरवर आहे, म्हणून मोडेम बाजूला ठेवून तीन वायरींच्या नल मोडेम केबलने (दोन मशीन थेट जोडणाऱ्या) लिनक्सचा लॅपटॉप जोडलाय. त्याला मुंबईच्या मशीनचंच नाव दिलं, यूयूसीपीचं, म्हणजे मशीनवरून मशीनला फाइली पाठवायच्या जुन्या सोयीचं, खातंही उघडलं. दिवसा बाबांच्या मशीनवरून पाठवायला गेलं की ‘राँग टाइम टू कॉल’. परवा रात्री जागून पाहिलं तर गाडी पुढे सरकली, पण शेवटी ‘लॉगिन फेल्ड’. हाताने टाइप केलं की त्याच पासवर्डने लॉगिन होतं. कुणाला, केव्हा, कसं जोडायचं ते ज्यात असतं त्या सिस्टिम्स फाइलमधल्या ओळीचा शेवट असा आहे, पासवर्ड झाकलेत:

ओगिन:--ओगिन: सांगली सवर्ड: **** सवर्ड: **** 

‘ओगिन’ ही बाबांची चूक असेल का? दुरुस्त करू?

---

अगं, त्याला हात लावू नकोस! ती चूक नाही.

त्या ओळीत जोड्या असतात: कशाची वाट बघायची आणि ते आलं की काय पाठवायचं. लाइन लागताना पहिलं अक्षर बऱ्याचदा गळायचं, शिवाय कुठलं मशीन लहान ‘एल’ छापायचं, कुठलं मोठा. म्हणून पहिलं अक्षर सोडूनच वाट बघायची. ‘सवर्ड’चंही तेच. मधल्या दोन रेघांचा अर्थ असा, की ‘ओगिन’ दिसलं नाही तर नुसतं रिटर्न पाठव आणि पुन्हा बघ. मी १९८९ पासून पुण्यात हेच काम करायचो, अशी नेटकी ओळ लिहिणारे थोडे होते.

आता ‘राँग टाइम’. त्याच ओळीत मशीनच्या नावानंतरचा रकाना बघ. तिथे ‘एनी’ला चिकटून वेळ असेल. रात्री उशिरा एसटीडी स्वस्त पडायची, बाबांनी तेवढ्याच वेळेत फोन करायची मुभा दिली असणार. यूयूट्रायला, म्हणजे जोडणी करून बघायच्या आज्ञेला, ‘-आर’ दिलास तर ‘रिट्राय टाइम नॉट रीच्ड’ची अडचण सुटते, या रकान्याची नाही. आणि मशीनचं घड्याळ तपास. इतक्या वर्षांत आतली बॅटरी नक्की गेली असेल.

केबलला कॅरिअरची, म्हणजे समोरचा मोडेम लागल्याची खूण देणारी, वायर नाही, तेव्हा डिव्हाइसेस फाइलमध्ये ‘टीटीवाय१ए’ या पोर्टच्या नावातला शेवटचा ‘ए’ लहानच ठेव. तो तसाच असावा, नाहीतर मशीन कॅरिअरची वाट बघत बसलं असतं.

लॉगिनचं मला जवळजवळ कळलंय, पण अंदाजाने फाइल बदलू नये. यूयूट्राय ‘-एक्स९’ने चालव, म्हणजे सगळा तपशील दिसेल, आणि प्रत्येक ‘एक्स्पेक्ट’नंतर काय येतं ते लिहून पाठव. पासवर्ड पुन्हा झाकायला विसरू नकोस.

---

काका, रकान्यात ‘एनी२३००-०६००’ आहे! घड्याळही तासन्‌तास चुकलं होतं, ते लावलं.

‘ओगिन’: गॉट इट. ‘सवर्ड’: गॉट इट. मग दुसऱ्या ‘सवर्ड’शी थांबतं. तेवढ्यात लॅपटॉपकडून ‘एस-हिअर’ आणि पुढे मशीनचं नाव येतं, तरी ते थांबूनच राहतं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’.

---

हेच मला वाटलं होतं. मुंबईच्या मशीनवर डायलअपचा वेगळा पासवर्ड लावलेला असणार. फोनवरून येणाऱ्याला दोनदा विचारायचं. तुझा लॅपटॉप एकदाच विचारतो आणि लगेच ‘मी हजर’ म्हणतो. समोरचा दारात उभा आहे आणि बाबांचं मशीन अजून दुसऱ्या किल्लीसाठी थांबलंय.

शेवटची जोडी काढ. पण बाबांची ओळ पुसू नकोस. तिच्या आधी हॅशचं चिन्ह टाक, म्हणजे मशीन ती वाचणार नाही, आणि नवी ओळ खाली लिही. वेळेच्या जागी नुसतं ‘एनी’ लिहिलंस तर आत्ताच चालेल.

---

काका, ‘एनी’ नाही केलं. आई म्हणाली, अकरापर्यंत थांबू, ती रोज त्याच वेळेला मोडेमची शिट्टी ऐकायची. दोघी माडीवर बसलो. या वेळी शिट्टी नव्हती, डिस्कची खरखर तेवढी होती. ११ वाजून ४ मिनिटांनी पहिली फाइल लॅपटॉपवर उतरली, १९९१ च्या हळदीची. वजनं, दर, अडत, हमाली, सगळं जागच्या जागी आहे.

९६०० बॉडच्या संथ वेगाने सगळं उतरायला दोन-तीन रात्री जातील. आई उद्याही बसणार म्हणतेय.