सीसीएनए, नेटवर्क प्लस की ए प्लस : आधी कुठलं?

बोरीकाठ : नमस्कार मंडळी. अमळनेरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, नेटवर्किंगमध्येच जायचंय. एक क्लासवाले म्हणतात आधी ए प्लस, मग नेटवर्क प्लस, मग सीसीएनए, तिन्हीचं पॅकेज घेऊन टाक. वडील म्हणतात, कापूस विकला की पैसे देतो, पण एकदाच. एकच परीक्षा द्यायची तर कुठली?

भुसावळकर : सीसीएनए, म्हणजे राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. त्याच्या आधी काहीही पास असावं लागत नाही, ही शिडी क्लासवाल्यांनी लावलेली आहे. ए प्लस म्हणजे पीसी, प्रिंटर, हेल्पडेस्क. वर दोन पेपर आणि दोन्हीची फी वेगळी. नेटवर्क प्लस चांगलं आहे, कुठल्या एका कंपनीच्या सामानाला बांधलेलं नाही. पण पुण्याच्या एल-वनच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या सपोर्टच्या, जाहिराती चाळून बघ भो, त्यात सीसीएनएच मागतात. फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे तीस हजारांच्या घरात. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. कॉलेज संपायच्या फार आधी काढून ठेवू नकोस.

बोरीकाठ : आणि ते सीसीएसटी? ते स्वस्त आहे म्हणे.

भुसावळकर : सिस्कोचंच आहे, सीसीएनएच्या खालची पायरी, फी निम्म्याहून कमी. पण वडील एकदाच देणार म्हणतोस ना? मग नको.

धुळेकर_फायबर : माझं मत जरा वेगळं. मी इथे ब्रॉडबँडच्या लाइनी टाकतो. आमच्याकडे सर्टिफिकेट कोणी विचारत नाही, हातात क्रिंपर देतात, केबलच्या टोकाला कनेक्टर बसवायची पक्कड. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलमधल्या आठ तारांचा हा क्रम डोळे मिटून लागला की माणूस कामाचा. गावातल्या एखाद्या केबलवाल्या दादांबरोबर संध्याकाळी फिर. चार पैसे मिळतील, आणि मुलाखतीत सांगायला काहीतरी खरं असेल.

भुसावळकर : हे पटलं. फक्त त्यात अडकून पडू नको. अभ्यासाला पॅकेट ट्रेसर घे, म्हणजे पीसीवरच लुटुपुटूचं नेटवर्क जोडायचं सॉफ्टवेअर; सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की फुकट मिळतं. दोन स्विच, एक राउटर, व्हीलॅन (स्विचवर पाडलेले वेगळे गट) १० आणि २०, आणि दोन्हीकडचे पीसी एकमेकांना पिंग झाले पाहिजेत, म्हणजे एकाने हाक मारली की दुसऱ्याचं उत्तर यायला हवं. पहिल्यांदा होणार नाहीत. सिस्कोच्या राउटरचा पोर्ट मुळात बंद असतो, ‘नो शटडाउन’ ही कमांड दिल्याशिवाय जागा होत नाही. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मारून कुठे अडलंय ते स्वतः शोध, व्हिडिओ बघून नाही. सीसीएनएच्या २००-३०१ पेपरात सर्वांत जास्त वजन, २५ टक्के, राउटिंगच्या भागाला आहे. ऑटोमेशन १० टक्केच, त्याचा बाऊ नको.

तापीपार : डंप, म्हणजे खऱ्या पेपरातले चोरलेले प्रश्न, विकणाऱ्यांपासून लांब राहा. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो, आणि नाही पकडलं तरी पुण्याचा मुलाखत घेणारा दोन प्रश्नांत ओळखतो. दुसरं, परीक्षा घरून देता येते, पण देऊ नको. १२० मिनिटं कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसायचं, खोलीत कोणी डोकावलं तरी पेपर बंद होऊ शकतो. आपल्याकडे लाइट जाते, आणि आत्याबाई दार वाजवून येत नाहीत. पुण्याला केंद्रावर जा. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, ही सवय घरीच लाव.

बोरीकाठ : मग फी कधी भरू?

भुसावळकर : सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्ता कुठल्या गटात पडतो ते काढणं, कागदाशिवाय जमेल तेव्हा. सांग बरं, १९२.१६८.१०.७७/२७ कुठल्या नेटवर्कमध्ये?

बोरीकाठ : थांबा... /२७ म्हणजे ३२ पत्त्यांचे गट. ६४ चं नेटवर्क, ब्रॉडकास्ट, म्हणजे गटातला शेवटचा पत्ता, ९५?

भुसावळकर : बरोबर. आता तोच पत्ता /२८ ने, आणि ‘थांबा’ न म्हणता.

बोरीकाठ : १६ चे गट, नेटवर्क ६४ च, ब्रॉडकास्ट ७९. पॅकेजवाल्यांना उद्या नाही म्हणून सांगतो.