प्रतिसाद: कमी वजनाकडेही पाहायला हवे

वजन वाढले की नैराश्य येते, असे म्हटले जाते; पण हे विधान अर्धेच खरे आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी अधिक आढळली. मात्र ते अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले होते. आपल्या खेड्यांत वाळत जाणारे शरीर नैराश्याबद्दल अधिक बोलके असते, असे मला वाटते. आमच्या शेजारच्या काकूंच्या बांगड्या वर्षभरात पार कोपरापर्यंत सरकू लागल्या, ताटातली अर्धी भाकरी तशीच उरू लागली, आणि सगळे म्हणत राहिले, ‘उन्हातान्हाचं काम आहे, अंग उतरायचंच.’ नैराश्य तपासण्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीत भूक मंदावणे आणि अति खाणे ही दोन्ही लक्षणे एकाच प्रश्नात विचारली जातात; नैराश्यात दोन्ही होऊ शकते. म्हणून वजन अकारण घटत असेल, तर क्षयरोग, मधुमेह व थायरॉईडच्या तपासण्यांबरोबरच झोप कशी लागते, कशात मन रमते का, हेही आपुलकीने विचारावे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य उपक्रमाची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे.