३० जीव घेऊन कॉन्ट्रा संपवला, तर तो संपवला म्हणायचा का?

निवांत_नाना

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाचा नववीत आहे. लॅपटॉपवर धडाधड काहीतरी चाललं होतं, वाकून बघतो तर आपला कॉन्ट्रा, लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तो गोळीबाराचा खेळ! कोनामी कंपनीने २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा संच काढलाय, त्यातला. मी कॉलर ताठ करून सांगितलं, "आम्ही चौथीत असताना आठच्या आठ स्टेज पार केल्या होत्या." पठ्ठ्याने मान वर न करता विचारलं, "तीन जीवांत की तीस?"

बोलती बंद.

खरं सांगायचं तर तीस. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. सुरुवातीला रिमोटवर हा कोड दाबला की तीनाऐवजी तीस जीव. आमच्या चाळीत हा मंत्र अथर्वशीर्षाच्या आधी पाठ झाला होता. पण घरी येताना बसमध्ये विचार केला आणि मत बदललं. तीस जीव घेतलेला माणूस कॉन्ट्रा खेळत नाही, नुसता त्यातून चालत जातो. या खेळात मेलात तरी मागे जावं लागत नाही. जिथे मेलात तिथेच वरून पुन्हा टपकता आणि क्षणभर गोळीही लागत नाही. मग शिकायचं कशाला? तीन जीवांत मात्र जीव संपले की कंटिन्यू घेऊन स्टेज पहिल्यापासून. तेव्हा कुठे लक्षात येतं की पहिल्या स्टेजचा पूल पायाखाली फुटत जातो, किंवा पाण्यात असताना खालचं बटण दाबलं की बुडी मारता येते आणि गोळ्या डोक्यावरून निघून जातात. मला ही बुडी कितीतरी वर्षं माहीतच नव्हती! गरजच पडली नाही ना.

म्हणून माझं म्हणणं, तीसवाल्यांनी "संपवला" म्हणू नये. मीसुद्धा. बोला आता.

रांगडा_रंकाळा

नाना, एवढं मनाला लावून घेऊ नका. हा कोड ज्यांनी केला ते काझुहिसा हाशिमोतो तेव्हा कोनामीच्याच ग्रॅडियस या दुसऱ्या खेळाची घरगुती आवृत्ती करत होते. ती १९८६ साली आली. तपासणीसाठी खेळ शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सोय केली (तिथे जीव नाही, शस्त्रं मिळायची) आणि ती आतच राहून गेली. कॉन्ट्रात आली ती पुढे. आता आचारीच म्हणतोय की तांबडा रस्सा मलाच झेपत नाही, तर पाहुण्याने दही मागितलं म्हणून बिघडलं कुठे?

आणि चालत जाणं वगैरे सोडा. तीस जीव असले तरी मेलं की हातातला एस (सगळ्यात भारी बंदूक) जातो. मग साध्या बंदुकीने शेवटच्या शत्रूवर, त्या काळजावर, टकटक करत बसायचं. आम्ही बसलोय.

फुंकर_मारून_बघ

नानांना +१. पण टर्बोचं काय? आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या रिमोटला ए-बीच्या जोडीला दोन टर्बो बटणं असायची, धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबल्यासारखं. एस उचलला, म्हणजे एका दाबात पाच गोळ्या पंख्यासारख्या, आणि टर्बो दाबून धरला की रस्ता साफ. निन्टेंडोच्या मूळ मशीनसोबतच्या रिमोटला ते बटणच नव्हतं. मग तीन जीवांत पण टर्बोवर संपवणारा कोण लागून गेला?

जाता जाता: एल म्हणजे लेझर घेऊन टर्बो दाबणाऱ्याला देव तिथल्या तिथे शिक्षा करायचा. प्रत्येक दाबीला आधीचा लेझर गायब आणि नवा सुरू, नळीबाहेर पडायला वेळच नाही.

निवांत_नाना

टर्बोसाठी वेगळा धागा काढा, याचा काश्मीर, न संपणारा वाद, नको. हलके घ्या. (मीही टर्बोवालाच.)

धाकटी_पाती

तीन की तीस हा हिशेब एकट्याने खेळणाऱ्यांचा आहे. आमच्याकडे रिमोट दोन, दादा एक.

तिसरी स्टेज धबधब्याची. तिथे पडदा वर सरकतो आणि जो खाली राहिला तो पडद्याबाहेर गेला की मेला. दादा माकडासारखा सरसर चढायचा, मी खाली. शिवाय त्याचे जीव संपले की माझे उचलायचा. खेळातच तशी सोय आहे, जोडीदाराचा जीव बटण दाबून घेता येतो. विचारायची पद्धत नाही! मे महिन्याच्या सुट्टीत रोज दुपारी याच मुद्द्यावर आमची मारामारी व्हायची आणि आई येऊन अडॅप्टरच काढून न्यायची.

मग कॉलनीतल्या एका मुलाने कोड सांगितला. कॉन्ट्रात उरलेले जीव दाखवणारी पदकं वर फार तर चारच दिसतात, त्यामुळे तीस असले की किती उरलेत हे कोणालाच कळत नाही. दादाने किती ढापले तेही कळत नाही. भांडण बंद. बर्फाची स्टेज मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती त्या सुट्टीत.

मी कॉन्ट्रा संपवलाय. मी म्हणणार. नानांनी काय म्हणायचं ते नानांनी बघावं.

रांगडा_रंकाळा

ताई, दंडवत. विषय संपला.

तिसरा_कप_चहा

संपला कसा? कपहेड हा खेळ घ्या, २०१७ चा. त्यात सोपी पातळी आहे. तिथे तुम्ही राक्षसाला हरवता, पण त्याचा करार हातात मिळत नाही, आणि सगळे करार गोळा केल्याशिवाय सैतानापर्यंत जाता येत नाही. ओसरीवर बसा, पाणी प्या, माजघरात प्रवेश नाही. मला हे चोख वाटतं. संपवणं म्हणजे काय हे खेळ करणाऱ्याने ठरवावं, आपल्या भावाबहिणींनी नाही.

रांगडा_रंकाळा

बरं, मग करणाऱ्यालाच विचारू. १९९४ चा कॉन्ट्रा हार्ड कोअर. जपानी आवृत्तीत तीन फटके सोसणारी जीवाची पट्टी आणि हवे तितके कंटिन्यू. तोच खेळ अमेरिकेत विकताना पट्टी काढली, एका गोळीत खलास, कंटिन्यूही मोजून. यातला खरा कुठला? जपानातल्या पोरांनी संपवलाच नाही की काय? २०२४ च्या ऑपरेशन गलुगा या नव्या कॉन्ट्रात तर पट्टी हवी की एका गोळीत मरण, हे खेळणाऱ्यालाच निवडायला दिलंय.

निवांत_नाना

हे माहीत नव्हतं. थोडा मागे सरकतो, पण थोडाच. तीन फटके सांभाळून वापरावे लागतात. तीस जीव कोण सांभाळतो?

फुंकर_मारून_बघ

मेटल स्लग या तसल्याच गोळीबाराच्या खेळाबद्दल कोणी बोलू नका फक्त. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकनवर टोकन टाकून शेवटपर्यंत गेलोय, त्याचाही हिशेब काढाल.

निवांत_नाना

रविवारी पुन्हा बहिणीकडे गेलो. म्हटलं चल, दोघं, तीन-तीन जीव, कोड नाही. आधी एक भानगड कळली. या संचात कुठेही सेव्ह करता येतं आणि आमचे चिरंजीव दर पूल ओलांडला की सेव्ह करत होते. मला तीन की तीस विचारणारा हा! ते बंद करायला लावलं. पहिली स्टेज पार, दुसरी कशीबशी. धबधब्याला पोरगं मला खाली सोडून वर. दोनदा.

धाकटी_पाती

मग? त्याचे जीव घेतलेत का?

निवांत_नाना

एकच उरला होता त्याच्याकडे. घेतला.