एंडोस्कोपच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि सील बदलली, एवढ्यावर पेटंट द्यायचं का?

टूलरूमवाला

भोसरीत डाय-मोल्डचं काम करतो. एक पार्टी एंडोस्कोपचा (पोट-आतडं आतून बघायच्या कॅमेरावाल्या नळीचा) एअर-वॉटर व्हॉल्व्ह घेऊन आली. प्लास्टिकचा, एकदा वापरून फेकायचा. मोल्ड करून द्या म्हणाली. दर ठरला आणि मग त्यांच्याच वकिलाने खो घातला. अशाच व्हॉल्व्हवर एका परदेशी कंपनीचा अर्ज भारतात परीक्षणाला लागलाय म्हणे. प्रसिद्ध झालेला अर्ज पेटंट ऑफिसच्या साइटवर कुणालाही वाचता येतो, म्हणून बसून वाचून काढला. कंपनीचं नाव इथे घेत नाही.

स्कोप आतून न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. डॉक्टरच्या डाव्या हातात स्कोपचं जे हँडल असतं त्यावर दोन बटणं असतात, एक सक्शनचं आणि एक हवा-पाण्याचं. हवा-पाण्याच्या बटणाला डोक्यावर भोक असतं. पंप सारखा चालू, आणि बोट लावलं नाही तर हवा त्या भोकातून नुसती बाहेर जाते. भोकावर बोट ठेवलं की तीच हवा स्कोपच्या टोकाकडे जाते आणि पोट किंवा आतडं फुगतं. बटण पूर्ण दाबलं की हवेची वाट बंद, पाण्याची वाट उघडी. हवेचा दाब पाण्याच्या बाटलीवर येतो आणि पाणी टोकाशी जाऊन लेन्स धुतं. एक दांडा, तीन-चार सील, एक स्प्रिंग. बस्स.

आता त्या अर्जाचा पहिला क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय तो मजकूर, माझ्या भाषेत: पोकळ प्लास्टिकचा दांडा, त्यावर मऊ सील, दोन्ही एकाच मोल्डमध्ये दोन मटेरियल ओतून केलेले, वर स्प्रिंग आणि भोक असलेली टोपी. जुन्या व्हॉल्व्हमध्ये धातूचा दांडा आणि वेगळ्या बसवलेल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. फरक एवढाच.

माझं स्पष्ट मत आहे की हे परीक्षणातच उडालं पाहिजे. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ साली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सांगून ठेवलंय की वर्कशॉपमध्ये सहज होणारी नुसती सुधारणा म्हणजे शोध नव्हे. तो खटलाही लेथवर भांडी धरायच्या साधनाचा होता, म्हणजे आमच्याच गल्लीतला. पेटंट रद्द झालं होतं. दोन मटेरियलचं मोल्डिंग आमच्याकडे नवीन पोरगा दुसऱ्या वर्षी शिकतो. त्यावर वीस वर्षांचा हक्क कशासाठी?

क्लेम१अ

टूलरूमवाले साहेब, १९७८ चा निकाल बरोबर सांगितलात, पण अर्धा. कोर्टाने असंही म्हटलंय की जुन्या ज्ञात गोष्टी एकत्र करूनही शोध होऊ शकतो. फक्त त्या एकत्र येण्यातून काहीतरी नवं निघायला हवं. तुमचा युक्तिवाद उत्तर हातात आल्यावरचा आहे. मोल्ड टेबलावर ठेवल्यावर सगळ्यांनाच तो सोपा वाटतो.

मी मुंबईत पेटंट एजंट आहे. अँटॉप हिलच्या ऑफिसात सुनावण्या केल्यात. तिथे ‘बदल किती लहान’ असं कोणी विचारत नाही. कायद्यात कलम २(१)(जेए) आहे: आजवरच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ते उघड दिसणारं नको. कलम ३(एफ) ही इथे चालणार नाही. ते आहे आपापलं काम वेगवेगळं करणाऱ्या जुन्या वस्तू शेजारी-शेजारी मांडण्याबद्दल. व्हॉल्व्हमध्ये सील आणि स्प्रिंग एकमेकांवर अवलंबून आहेत. सीलचं घर्षण बदललं की स्प्रिंगचा जोर बदलावाच लागतो.

टूलरूमवाला

बदलावाच लागतो ना? मग तेच तर म्हणतोय. जे करावंच लागतं ते उघडच असतं.

चहाटळ

व्हॉल्व्ह मिळाला, हवा सुटली. चालू द्या.

स्कोपरूम

मी कोल्हापूरला एंडोस्कोपी टेक्निशियन आहे. तुम्ही दोघंही व्हॉल्व्ह चित्रात बघताय.

धातूचा व्हॉल्व्ह केस झाली की काढायचा, ब्रशने प्रत्येक भोक घासायचं, पाण्याखाली बटण दाबून-सोडून आतली घाण काढायची, डिसइन्फेक्टंटमध्ये बुडवायचा, धुवायचा, सुकवायचा, ओ-रिंग चिरली का बघायचं, लागेल तिथे सिलिकॉन ऑइलचा थेंब. शिवाय ज्या स्कोपचा व्हॉल्व्ह त्याच स्कोपला लावायचा, म्हणजे पुढे काही निघालं तर माग काढता येतो. तीन टेबलं चालू असतात तेव्हा हे सगळं नियमाने होतं का, ते विचारू नका. सील फुगलं किंवा तेल कमी पडलं की बटण खाली अडकतं नाहीतर अर्ध्यावर राहतं. हवा आत जातच राहते, पेशंट कळवळतो, डॉक्टर ओरडतात आमच्यावर.

प्लास्टिकचा एकदा वापरून फेकला की यातलं अर्धं काम संपतं. तेल लागत नाही हेसुद्धा मोठं आहे. टूलरूमवाले दादा, सील आणि दांडा एकसंध असला की मध्ये फट राहत नाही, आणि घाण त्या फटीतच बसते. तुम्हाला ते मोल्डिंग वाटतं, मला तो ब्रश न जाणारा कोपरा वाटतो.

डॉ_पोटदुखी

टेक्निशियन ताईंना अनुमोदन. व्हॉल्व्ह क्षुल्लक आहे असं मानणाऱ्यांनी अमेरिकेतलं २००८-०९ चं प्रकरण बघावं. टेनेसीतल्या मर्फ्रीसबरो इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात कोलोनोस्कोपच्या जादा पाण्याच्या नळीला एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी दोन्ही दिशांनी वाट देणारा जोड बसवला गेला होता. म्हणजे आतलं उलट नळीत यायची सोय झाली, आणि नळीही दर पेशंटनंतर साफ होत नव्हती. मर्फ्रीसबरो, मायामी आणि ऑगस्टा या तीन ठिकाणच्या निरनिराळ्या हलगर्जीपणापायी मिळून दहा हजारांवर माजी सैनिकांना रक्ततपासणी करून घ्या म्हणून कळवावं लागलं. एवढासा जोड.

आणि स्प्रिंगबद्दल. आता बरेच जण हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो आणि तपासणीनंतर पोट कमी दुखतं. पण भोक असलेला व्हॉल्व्ह ठेवला तर गॅस सतत खोलीत वाया जातो. म्हणून भोक नसलेला व्हॉल्व्ह आला: अर्धा दाबला की गॅस, पूर्ण दाबला की पाणी. त्या दोन पायऱ्यांमधला फरक बोटाला कळला नाही तर गॅस हवा असताना पाण्याचा फवारा येतो आणि नेमक्या पॉलिपवरचं (आतड्यातल्या गाठीवरचं) दृश्य जातं. ती पायरी जमवणं म्हणजे स्प्रिंग बदलणं नाही हो. नजर स्क्रीनवर असते, बोटानेच समजलं पाहिजे. असं काम ज्याने केलं त्याला हक्क मिळू नये असं मला वाटत नाही.

टूलरूमवाला

डॉक्टर, दोन पायऱ्यांच्या बटणाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खरंच जमवलं असेल तर द्या पेटंट. मी वाचलेल्या अर्जात दोन पायऱ्या नाहीत. साधा भोकवालाच आहे, फक्त प्लास्टिकचा. आणि ताई, तुमचा कोपरा खरा, पण तुमचा व्हॉल्व्ह एकदा वापरून कचऱ्यात जाणार. तिथे ब्रश मारायचाच नाही तर फटीने काय फरक पडतो? अर्जात फायदा म्हणून लिहिलंय ‘जुळवणीचा खर्च कमी’. एवढंच.

क्लेम१अ

खर्च कमी म्हणजे आर्थिक महत्त्व. कायद्यात आहे.

टूलरूमवाला

कोणाचा खर्च? पेशंटच्या बिलात तो व्हॉल्व्ह ‘कन्झ्युमेबल्स’मध्ये येतो. आधी धातूचा एक व्हॉल्व्ह कैक केसेस काढायचा.

नागपूरकर_म्युनिक

थोडा बाहेरून बोलतो. म्युनिकमध्ये पेटंट फर्ममध्ये आहे, युरोपियन पेटंट ऑफिस इथेच आहे, रोजचं तेच काम.

तुमच्या भांडणाचं मूळ मला वेगळीकडे दिसतंय. ‘जाणकार माणूस’ म्हणून परीक्षकाने कोणाला उभं करायचं? स्कोपरूमताईंना अडचण माहीत आहे, उत्तर माहीत नाही. टूलरूमवाल्यांना उत्तर पाठ आहे, पण अडकलेला व्हॉल्व्ह त्यांनी कधी पाहिला नसेल. एकट्या ताई जाणकार धरल्या तर जवळजवळ सगळंच पेटंटजोगं, एकटे दादा धरले तर काहीच नाही. इथे युरोपात जाणकार म्हणजे एक चमूही असू शकतो असं मानतात, आणि वैद्यकीय उपकरणात ते मला पटतं. म्हणजे ताईंनी अडचण सांगायची आणि दादांनी पाच मिनिटांत उत्तर द्यायचं. दिलं, तर शोध नाही.

पण एक अट. नुसतं ‘करता आलं असतं’ इथे पुरत नाही, त्या अडचणीतून त्याने तेच केलं असतं का, हे दाखवावं लागतं. त्यासाठी कागद लागतो, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेला पुरावा. मत चालत नाही.

आणि कागद कुठे शोधायचा हीच मेख आहे. पेटंटच्या वर्गीकरणात एंडोस्कोपचे अर्ज ए६१बी १ या वर्गात पडतात. परीक्षक तिथे शोधतो, दुसरे एंडोस्कोपवालेच सापडतात. बहुमार्गी व्हॉल्व्ह मात्र एफ१६के ११ मध्ये आहेत, तिथे शंभर वर्षांचे दांडे आणि सील पडलेत. तिकडे न बघता दिलेलं पेटंट मी तरी कच्चं समजतो.

क्लेम१अ

बघितलं तरी लागू पडेलच असं नाही. नळाच्या व्हॉल्व्हचा माणूस एंडोस्कोपीच्या प्रश्नाकडे वळला असता का? अमेरिकेतला २०११ चा इन रे क्लाइन हा खटला पाहा. पक्ष्यांसाठी साखरपाणी बनवायच्या भांड्याविरुद्ध इतर कप्पेवाल्या डब्यांच्या जुन्या पेटंटचे दाखले दिले होते. तुमचा प्रश्न वेगळा, ते दाखले चालणार नाहीत, असं फेडरल सर्किट या तिथल्या पेटंट अपिलांच्या कोर्टाने सांगितलं.

नागपूरकर_म्युनिक

आणि त्याच कोर्टाने २००४ मध्ये इन रे बिगिओत केसांच्या ब्रशविरुद्ध टूथब्रशचा दाखला चालवून घेतला होता. हवं ते निवडा.

टूलरूमवाला

टूथब्रश! अहो, दांडा कडक आणि वर मऊ रबराची पकड, दोन मटेरियल एका मोल्डमध्ये, हे टूथब्रशच्या दांड्यावर किती वर्षं चाललंय? हाच माझा कागद.

क्लेम१अ

टूथब्रशची पकड हवा-पाणी रोखत नाही.

टूलरूमवाला

मग इंजेक्शनच्या सिरिंजचा दट्ट्या घ्या. कडक दांडा, मऊ सील, दोन-मटेरियल मोल्डिंगने केलेलेही आहेत. रोखतो ना? आणि वैद्यकीयही आहे.

क्लेम१अ

हा आता दाखला झाला. हा आधी आणायला हवा होतात.

मूठभर_माती

सगळे मोल्डिंगवर भांडताय. धातूऐवजी प्लास्टिक हा बदल तर १८५१ सालीच निकालात निघालाय. अमेरिकन सुप्रीम कोर्ट, हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड. दरवाजाच्या मुठी लाकूड-धातूऐवजी चिनी मातीच्या केल्या, पेटंट नाही मिळालं. नुसतं मटेरियल बदलणं हे कुशल कारागिराचं काम, संशोधकाचं नव्हे.

माझा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि त्यावर इथे कोणी बोललेलं नाही. स्कोपवरची जुनी पेटंट संपली की कंपन्या व्हॉल्व्ह, टोप्या, नळ्यांची जोडणी असल्या रोज लागणाऱ्या वस्तूंवर नव्याने अर्ज टाकतात. स्कोप एकदा विकला जातो, व्हॉल्व्ह दर पेशंटमागे. वीस वर्षं.

क्लेम१अ

नव्या व्हॉल्व्हवर पेटंट मिळालं म्हणून जुना व्हॉल्व्ह बनवायला कोणी अडवत नाही. तो मोकळाच आहे. बनवा की.

मूठभर_माती

नव्या स्कोपच्या हँडलमधलं भोक बदललं की जुना बसतच नाही. मोकळा असून काय चाटायचाय?

डॉ_पोटदुखी

हे मात्र खरं आहे. वेगवेगळ्या मॉडेलचे व्हॉल्व्ह आमच्याकडे वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावे लागतात. पण त्याचा राग पेटंटच्या परीक्षकावर काढून काय होणार? तो शोध बघतो, बाजार नाही. व्हॉल्व्ह गळतो की नाही हेसुद्धा तो बघत नाही, त्यासाठी सीडीएससीओ ही औषधं-उपकरणांवरची केंद्रीय नियंत्रण संस्था आणि २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम आहेत. पेटंट म्हणजे गुणवत्तेचा शिक्का समजणारे कंपनी-प्रतिनिधी रोज येतात, म्हणून सांगतोय.

स्कोपरूम

आणि ‘एकदाच वापरा’ लिहिलेला धुऊन परत लावणारेही असतात. तिथे तो कोपरा पुन्हा येतो, दादा. फटीने काय फरक पडतो म्हणालात त्याचं उत्तर.

टूलरूमवाला

ताई, ते पटलं, पण अर्जात ते लिहिलेलं नाही. ज्या फायद्याचा अर्जात उल्लेखच नाही तो मी त्यांना फुकट का देऊ?

क्लेम साहेब, पेटंट मिळायच्या आधी विरोध करता येतो ना? फॉर्म कोणी भरायचा, मी की पार्टीने?

क्लेम१अ

कलम २५(१), फॉर्म ७ए. कोणीही करू शकतं. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत. २०२४ च्या नियमांनंतर फी लागते, आणि विरोध ऐकण्याजोगा आहे का हे आधी तपासतात. त्यामुळे ‘आमच्या पोराला येतं’ एवढ्यावर जाऊ नका. सिरिंजच्या दट्ट्याचं तारीख असलेलं जुनं पेटंट किंवा कॅटलॉग जोडा, एफ१६के मधले दोन-तीन दाखले जोडा, आणि तुमचं स्वतःचं शपथपत्र द्या की अर्जाच्या तारखेपूर्वी हे तंत्र टूलरूममध्ये सर्रास होतं. त्याला माझ्या वकिली भाषेपेक्षा जास्त वजन येईल. मी अजूनही म्हणतो की क्लेम सरसकट उडणार नाही. ते सीलच्या आकाराचं माप घालून क्लेम अरुंद करतील आणि तेवढं मिळवतील.

टूलरूमवाला

अरुंद करू देत. मापाबाहेरून मोल्ड काढू.

डॉ_पोटदुखी

काढा, पण बटण बोटाला कळेल असं काढा. पहिला नमुना आमच्या टेबलावर आणा, वापरायला नाही, नुसता दाबून बघायला.