दुचाकी-मोटारींचा समतोल: कोड थांबतो, पण वेळा जुळत नाहीत

कोथरूडकर
नमस्कार. एम.टेक.चा प्रोजेक्ट चालू आहे. कोथरूडहून डेक्कनला जायच्या दोन वाटा धरल्यात: सरळ कर्वे रोड, नाहीतर नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रोड, प्रभात रोड. दुचाक्या आणि मोटारी वेगळ्या मोजल्या. कोणत्या वाटेवर किती वाहनं जातील ते काढायला बेकमनची १९५६ ची मांडणी (समतोल म्हणजे एका इंटिग्रलचा मिनिमम) घेऊन फ्रँक-वुल्फ या मिनिमम काढायच्या पद्धतीने सोडवलं. कोड नीट थांबतो. पण दुचाकीला एका वाटेने १४ मिनिटं, दुसरीने १७, आणि दुचाक्या दोन्हीकडे आहेत! वॉर्ड्रॉपच्या नियमाने वापरातल्या वाटांना सारखाच वेळ लागायला हवा. तीन दिवस चूक शोधतोय.

जुना मास्तर
कोडमध्ये शोधू नका, चूक त्याच्या आधीची आहे. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं राहून बघा. दुचाक्या मोटारींच्या फटीतून पुढे सरकतात, मोटार जागची हलत नाही. म्हणजे एकमेकांमुळे होणारा उशीर सारखा नाही, जेकोबियन (कोणत्या वाहनाच्या गर्दीने कोणाचा वेळ किती वाढतो त्याचा तक्ता) सममित नाही. मग बेकमनचं इंटिग्रल कोणत्या मार्गाने घेतलं त्यावर बदलतं. तुम्ही मिनिमम काढलाय, पण भलत्याच फलनाचा.

समतोल म्हणजे कशाचा तरी मिनिमम, हे डोक्यातून जायला मलाही फार वेळ लागला. व्हेरिएशनल इनइक्वॅलिटी मांडा, म्हणजे मिनिमम न शोधता ‘वाट बदलून कोणाचाच फायदा नाही’ ही अटच थेट लिहा (ट्रॅफिकसाठी डाफर्मोस, १९८०) आणि कोर्पेलेविचची १९७६ ची एक्स्ट्राग्रेडियंट पद्धत लावा: एक पाऊल पुढे टाकून तिथला खर्च (म्हणजे लागणारा वेळ) मोजायचा, मूळ जागी परतायचं, आणि त्या खर्चाने खरं पाऊल टाकायचं.

हडपसरवाला
साधं प्रोजेक्शन, म्हणजे आहे तिथल्याच खर्चाने थेट पाऊल, का नको? निम्म्या मेहनतीत होतं.

जुना मास्तर
खर्च स्ट्राँगली मोनोटोन असेल (प्रवाहाबरोबर एकंदरीत ठराविक दराने तरी वाढतोच) आणि पाऊल पुरेसं लहान असेल तर चालतं. नुसता मोनोटोन असेल (एकंदरीत घटत नाही, एवढंच) तर भरवसा नाही. वहीवर करा: क्ष गुणिले य, क्षला ते लहान हवं, यला मोठं. समतोल शून्यावर. (१, ०) पासून ०.१ चं पाऊल टाका. साध्या पद्धतीत समतोलापासूनच्या अंतराचा वर्ग दर वेळी १.०१ पट होतो, म्हणजे आपण लांबच जातो. एक्स्ट्राग्रेडियंटमध्ये ०.९९०१ पट.

कोथरूडकर
केलं सर! पहिल्या फेरीत (०.९९, ०.१) आलं. आज रात्रीच कोड बदलतो. पाऊल किती ठेवू?

जुना मास्तर
लिप्शिट्झ स्थिरांकाच्या (प्रवाह बदलला की खर्च जास्तीत जास्त किती पट बदलतो तो आकडा) व्यस्तापेक्षा लहान. आणि दोन-तीन वेगळ्या सुरुवातींपासून चालवा. अशा मिश्र वाहतुकीत मोनोटोन असेलच असं धरू नका, समतोल एकाहून जास्त निघू शकतात.